ऐच्छिक

माझ्या गरोदरपणाची फाइल अजून कपाटात आहे. निळ्या प्लॅस्टिकची, कडेला फाटलेली. तिच्या दुसऱ्या पानावर इंजेक्शनांचा तक्ता आहे. 'टीटी'च्या, म्हणजे धनुर्वाताच्या लशीच्या, ओळीत दोन तारखा आणि दोन बरोबरच्या खुणा. त्याखाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात 'फ्लू, २६ आठवड्यांनंतर' आणि त्यापुढे एकच शब्द, 'ऑप्शनल'.

मी शाळेत मराठी शिकवते. सवयीने मी त्या शब्दाचं मनात भाषांतर केलं, ऐच्छिक. आमच्या प्रश्नपत्रिकेत हा फार मायाळू शब्द असतो. जमलं तर लिहा, नाही जमलं तर दुसरं लिहा, गुण कापले जाणार नाहीत. पण मे २०१७ मध्ये, सोळाव्या आठवड्यात, पुण्यातल्या त्या तपासणीच्या खोलीत तोच शब्द मला जड गेला. "घेऊ का?" मी विचारलं. "तुमची इच्छा असेल तर घ्या, सक्ती नाही," असं म्हणून डॉक्टर पुढची चिठ्ठी लिहू लागल्या. बाहेर वीसेक जणी ताटकळत होत्या. मी फाइल छातीशी धरून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर मला कळलं की माझी इच्छा काय आहे, हेच मला माहीत नव्हतं.

आदल्या वर्षी पावसाळ्यात माझं पहिलं गरोदरपण नवव्या आठवड्यात थांबलं होतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोका दिसला नाही, एवढंच घडलं. लक्षात आलेल्या दर शंभर गरोदरपणांतली दहा ते वीस अशी जातात, पहिल्या महिन्यांत तर बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, तुमच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही, हे सगळं तेव्हा मला सांगितलं गेलं. मी ते ऐकलं, मला ते पटलं, आणि घरी येऊन मी त्या नऊ आठवड्यांचा दिवसवार हिशेब मांडत बसले. भेटायला येणाऱ्या बायकाही प्रेमाने तेच करत होत्या. पपई खाल्लीस का? स्कूटरवर जात होतीस का? वर्गात तासन्‌तास उभी राहतेस ना? त्या नऊ आठवड्यांत एकदा डोकं दुखलं म्हणून मी पॅरासिटामॉल घेतली होती. त्या एका गोळीने मला वर्षभर झोपू दिलं नाही.

त्यामुळे दुसऱ्या खेपेला मी मनाशी पक्कं केलं होतं की लोह, कॅल्शियम आणि फॉलिक अ‍ॅसिडखेरीज अंगात काही जाऊ द्यायचं नाही. आणि आता फाइलमध्ये हा शब्द आला होता.

नववीच्या मुलांना मी भावकर्तृक क्रियापद शिकवते. उजाडलं, सांजावलं, उकडतं, मळमळतं. वाक्य पुरं होतं, पण करणारा कुठेच नसतो. त्या उन्हाळ्यात 'मळमळतं' हे उदाहरण देताना वर्गात मीच एका हाताने टेबल धरून उभी असायची. आणि तिथेच केव्हातरी मला माझ्या भीतीचं व्याकरण कळलं. लस घेतली आणि काही बिनसलं, तर ते मी केलेलं ठरणार होतं. लस घेतली नाही आणि फ्लू झाला, तर तो नुसता झालेला ठरणार होता. साथ आली, आजार झाला, नशिबात होतं. त्या वाक्यांत मी नव्हतेच. माझ्या मनाला धोका कमी करायचाच नव्हता. त्याला फक्त कर्त्याच्या जागेवरून उठायचं होतं.

हे कळलं म्हणून निर्णय सोपा झाला, असं नाही. पण 'न घेणं' म्हणजे 'काहीच न करणं' हे आतापर्यंत मी धरून चाललेलं गणित तिथून डळमळायला लागलं.

टीटीच्या वेळी असलं काहीच मनात आलं नव्हतं. दंड पुढे केला, सुई टोचली, घरी येऊन चहा घेतला. सासूबाईंनी तर स्वतः विचारलं होतं, "धनुर्वाताचं झालं ना गं?" वाईला आजीला फोन केला तेव्हा तिनेही पहिलं तेच विचारलं. आजीचा धाकटा दीर जन्मल्यानंतर आठवडाभरातच धनुर्वाताने गेला होता. तिने तो पाहिला नव्हता, पण घरात त्याची गोष्ट होती. विळ्याने कापलेली नाळ, तोंड न उघडणारं बाळ, कमानीसारखं ताठलेलं अंग. त्या घरात सुनांनी आणि लेकींनी ते इंजेक्शन कधी नाकारलं नाही. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं, त्यामागे दायांच्या प्रशिक्षणाबरोबर, स्वच्छ बाळंतपणाबरोबर अशा लाखो घरांतली ही मुकी संमतीही असणार. कुणी त्याला ऐच्छिक म्हटलं नव्हतं, कारण घराने ते मरण पाहिलं होतं.

फ्लूला मात्र आमच्या घरात चेहरा नव्हता. "सर्दी-खोकल्याला कसली आलीय लस? आम्ही काय शिंकलो नाही?" सासूबाई म्हणाल्या. त्यात तुच्छता नव्हती. त्यांनी दोन बाळंतपणं कुठल्याही लशीशिवाय काढली होती आणि माझ्या पोटात आता जे होतं, त्याची धास्ती माझ्याइतकीच त्यांनाही होती. नवरा म्हणाला, "तू ठरव, मी तुझ्याबरोबर आहे." हे वाक्य ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण त्यानेही तो शब्द फक्त माझ्याच हातात परत ठेवला होता. मी त्याला तसं सांगितलं. त्या रात्रीपासून तो माझ्याबरोबर वाचायला बसू लागला, आणि ते मला त्या आश्वासनापेक्षा जास्त उपयोगी पडलं.

खरं तर पुण्यातल्या माणसाला फ्लूचा चेहरा आठवायला फार मागे जायला नको. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू इथेच झाला. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. मी तेव्हा बीएड करत होते. नायडू रुग्णालयाबाहेरची रांग मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तोंडाला रुमाल, ओढणी, जे मिळेल ते बांधून उभी असलेली माणसं, पावसात. शाळा, कॉलेजं, चित्रपटगृहं बंद. कापूर आणि वेलची रुमालात बांधून हुंगत राहायचं, असं कुणीतरी सांगितलं आणि बाजारातला कापूर संपला. त्या वर्षी गणपतीतही शहर दबकून चालत होतं. पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि गरोदर बायकांचं काय होतंय, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाही नव्हता. आता वाचताना दिसलं, की त्या साथीत अमेरिकेत मृतांपैकी सुमारे पाच टक्के गर्भवती होत्या, आणि लोकसंख्येत त्यांचं प्रमाण असतं जेमतेम एक टक्का.

दुसरा चेहरा आजीने दिला, आणि तो द्यायचा तिचा हेतूही नव्हता. जूनमध्ये आम्ही वाईला गेलो होतो. ओसरीवर ती माझ्या पायांना तेल लावत बसली होती. फ्लूच्या लशीचं मी बोलले नव्हते, पुण्यात साथ आहे एवढंच म्हटलं. "साथीत दोन जिवांच्या बाईला जपावं," ती म्हणाली. "आमच्या आईची थोरली जाऊ मानमोडीत गेली. सातवा होता तिला. सकाळी दळण केलंन्‌ आणि तिसऱ्या दिवशी नेली. पोटातल्यासकट." मानमोडी हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. पटकी, प्लेग, देवी यांच्याच रांगेतला, जुन्या माणसांच्या बोलण्यातला एक काळोखा शब्द. तो आजार कोणता, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री मी फोनवर शोधलं. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने पडले, पावसाळ्याच्या अखेरीस दुसरी आणि फार भयंकर लाट आली, मुंबई इलाख्यातली गावंच्या गावं आडवी झाली, आणि देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

आजीची मानमोडी आणि माझ्या फाइलमधला 'फ्लू' हे एकाच रोगाचं नाव होतं. मी अंधारात कितीतरी वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. आमच्याही घराने हे मरण पाहिलं होतं तर. नाव बदललं आणि आम्ही ओळख विसरलो.

मग मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक अमेरिकन पाहणी आहे. त्या साथीत आजारी पडलेल्या १,३५० गर्भवतींची तीत नोंद आहे, आणि त्यांतल्या २७ टक्के गेल्या. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती, ऑक्सिजनची आजच्यासारखी सोय नव्हती, हे खरंच. पण शरीर तेच आहे. गर्भाशय वाढतं तसा श्वासाचा पडदा वर सरकतो आणि फुप्फुसांत श्वास सोडल्यावर उरणारी हवा कमी होते. त्याच वेळी ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. हृदय नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त ढकलत असतं. प्रतिकारशक्तीचीही घडी गर्भाला सांभाळून घेण्यासाठी थोडी बदललेली असते. म्हणजे साध्या दिवसातसुद्धा हे शरीर चढावर चालत असतं. जिना चढताना मला ते रोज कळत होतं. त्यात फ्लू फुप्फुसात उतरला तर राखीव असं फारसं काही हाताशी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लशीसाठी गर्भवतींना सर्वांत वरचं प्राधान्य द्यावं असं सांगितलं, ते यामुळे. आणि त्यांनी कुठलाही महिना वगळलेला नाही. आपल्याकडच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २६व्या आठवड्यानंतरचा सल्ला दिला होता, साथ असेल तर त्याआधीही.

मी २६ आठवड्यांपर्यंत थांबले. पुण्यात तेव्हा साथ होती, वर्तमानपत्रात रोज आकडे येत होते, त्यांत गर्भवतीही असायच्या. तरी थांबले. ते शास्त्राचं ऐकून नव्हे, भीतीने. पहिल्या वेळी जे गेलं होतं, त्याच्या जवळपास कुठलीही सुई मला नको होती. त्या वर्षअखेरीपर्यंत एकट्या महाराष्ट्रात स्वाइन फ्लूने साडेसातशेहून अधिक माणसं गेली. मी ते आठवडे निभावले, यात शहाणपणापेक्षा योगाचा भाग जास्त होता. कुणी विचारलं तर मी आज हेच सांगते.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ राहतात. एका संध्याकाळी मी आणि नवरा त्यांच्याकडे गेलो. मी माझ्या शंकांचा कागदच नेला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "बाळ कधी होईल?" ऑक्टोबरच्या शेवटी, मी म्हटलं. "म्हणजे एप्रिलपर्यंत त्याला फ्लूची लस देता येणार नाही. सहा महिन्यांच्या आत ती देतच नाहीत. तोवर त्याच्याजवळ काय असेल? जे तुमच्याकडून वारेतून गेलं असेल, तेवढंच."

तोवर मी हा सगळा विचार माझं शरीर आणि लस असाच करत होते. बाळ म्हणजे जिला इजा होऊ शकते अशी गोष्ट. ते उद्या बाहेर येणार आहे, रडणार आहे, त्याला माणसं उचलून घेणार आहेत, आणि बाहेरच्या हवेत त्याची स्वतःची काहीच शिदोरी नसणार आहे, हे माझ्या हिशेबात आलंच नव्हतं. एकदा हरवलेली आई इतक्या पुढचं बघायला घाबरते, हे कारण असावं. बारशाचा विचारसुद्धा मी करू देत नव्हते स्वतःला.

डॉक्टरांनी मग आम्हाला ढाक्याची गोष्ट सांगितली. बांगलादेशात २००४-०५ मध्ये ३४० गर्भवती बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत लस दिली, निम्म्या जणींना फ्लूची, निम्म्या जणींना न्यूमोनियाच्या जंतूवरची. बाळं झाल्यावर सहा महिने घरोघर जाऊन पाहिलं. ज्यांच्या आयांना फ्लूची लस दिली नव्हती, त्यांतल्या १६ बाळांना तपासणीत फ्लू निघाला. ज्यांना दिली होती, त्यांतल्या ६. त्रेसष्ट टक्के कमी. आयांनाही तापासह येणारा श्वासाचा आजार छत्तीस टक्क्यांनी कमी झाला. पुढे नेपाळ, माली आणि दक्षिण आफ्रिकेत याहून कितीतरी मोठे अभ्यास झाले आणि त्यांत बाळांना मिळालेलं संरक्षण कमी भरलं, तीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास. "पूर्ण कवच नाही हे," डॉक्टर म्हणाले. "ज्या वर्षी लस आणि विषाणू नीट जुळतात त्या वर्षी बरी चालते, नाही जुळले तर कमी. पण या लशीत विषाणू मेलेला आहे. त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस अंग मोडून येईल. तुमच्या जागी माझी मुलगी असती तर मी दिली असती."

त्यांचं शेवटचं वाक्य शास्त्रात बसत नाही. पण दोन महिने मी तेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबले होते. माहिती पुष्कळ मिळत होती. मत द्यायला कुणी तयार नव्हतं. माझ्या स्वातंत्र्याचा मान राखण्याच्या नावाखाली सगळे एक पाऊल मागे सरकत होते, आणि मला कुणीतरी एक पाऊल पुढे येऊन शेजारी उभं राहायला हवं होतं. डॉक्टरांच्या कामाचा तोही भाग आहे असं मला मनापासून वाटतं. शेवटचा शब्द पेशंटचाच असावा. पण त्याआधी डॉक्टरांचा एक शब्द असावा.

याच्या अगदी उलट टोक मला घरातच दिसलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सूनही तेव्हा पोटुशी होती, सातवा महिना. २०१५च्या मोठ्या साथीनंतर राज्य सरकारने गर्भवतींना ही लस सरकारी दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात केली होती, हे मला त्या मुलीमुळे कळलं. तिला महापालिकेच्या दवाखान्यात लस देऊन झालीसुद्धा होती. मी उत्सुकतेने विचारलं, कसलं इंजेक्शन म्हणाले? "काय माहीत ताई, ताकदीचं असेल. हात पुढे कर म्हणाले, केला." तिला मिळालेलं संरक्षण मला तोवर मिळालं नव्हतं, आणि ते तिला विनासायास मिळालं याचा मला आनंदच आहे. पण तिच्या शरीरात काय गेलं आणि कशासाठी, हे दोन वाक्यांत सांगण्याइतकं तिला कुणी मोजलं नव्हतं. मला सांगितलं, तुझं तू बघ. तिला सांगितलं, हात कर. आम्हा दोघींशी बोललं कुणीच नाही. मी तिला बसवून, मला जे समजलं होतं ते सगळं सांगितलं. ढाक्याच्या बाळांचं ऐकताना तिने नकळत पोटावर हात ठेवला. "म्हणजे याच्यासाठी होतं होय ते," ती म्हणाली. बाकीच्या आकड्यांत तिला रस नव्हता आणि असायची गरजही नव्हती.

लस मिळायलाही दोन खेपा पडल्या. सरकारी दवाखान्यात 'साठा संपलाय, सोमवारी या' असं दोनदा ऐकल्यावर मी माझ्या डॉक्टरांकडेच घ्यायचं ठरवलं. सत्तावीस आठवडे पूर्ण झाले होते, जुलै संपत आला होता, श्रावणाचा पहिला पाऊस. सिस्टरने फ्रिजमधून खोकं काढलं. मी म्हटलं, जरा बघू. त्या थोड्या चकित झाल्या, पण दिलं. फ्लूची लस दरवर्षी नव्याने ठरते. विषाणू रूप पालटतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा यादी काढते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेचे, पण आपल्याकडचा फ्लू पावसाळ्यात उसळतो, म्हणून मृगाच्या आधी घ्यायची ती बहुधा दक्षिणेची लस. त्या वर्षी स्वाइन फ्लूच्या विषाणूचं नाव यादीत बदललं होतं. २००९पासून चालत आलेलं 'कॅलिफोर्निया' जाऊन 'मिशिगन' आलं होतं. खोक्यावर बारीक अक्षरांत मिशिगन दिसलं तेव्हा मी खोकं परत दिलं आणि बाही वर केली.

अर्धा मिलिलिटर. मोजून चार सेकंद.

अर्धा तास बसून राहायला सांगितलं होतं. नवरा शेजारी होता. मी पोटावर हात ठेवून मोजत बसले. लाथ आली, मग दुसरी आली. रात्री दंड ठणकत होता आणि अंगात कसकस होती, ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. सासूबाईंनी न विचारता आल्याचा काढा करून दिला. त्यांना मी आधीच सांगितलं होतं की मी घेते आहे. त्या गप्प बसल्या होत्या. मी मानमोडीचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पण म्हणायचे तो शब्द." पुढे काही बोलल्या नाहीत. पण दोन आठवड्यांनी डोहाळजेवणाला खोकत आलेल्या एका नातेवाईक बाईंना त्यांनी दारातच हाताला धरून बाहेरच्या खोलीत बसवलं.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबरमध्ये, चौतिसाव्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता झोप येत नव्हती म्हणून फोन हातात घेतला आणि बातमी समोर आली. फ्लूची लस आणि मिसकॅरेज यांचा संबंध अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळला, अशी. आदल्या वर्षीची सगळी रात्र पुन्हा अंगावर आली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, ओट्याशी उभी राहून तो सगळा वाचला, मग पुन्हा वाचला. २०१० ते २०१२ या दोन हंगामांतल्या, मिसकॅरेज झालेल्या ४८५ बायका आणि तेवढ्याच न झालेल्या. लस घेतल्यावर २८ दिवसांच्या आत मिसकॅरेज होण्याचं प्रमाण जास्त दिसलं ते फक्त अशा बायकांत, ज्यांनी आदल्या हंगामातही स्वाइन फ्लूचा अंश असलेली लस घेतली होती. अशा बायका मुळातच थोड्या होत्या. यावरून लशीमुळे मिसकॅरेज होतं असं सिद्ध होत नाही, असं अभ्यास करणाऱ्यांनीच लिहिलं होतं.

मी त्यांतली नव्हते. मी आदल्या वर्षी लस घेतलेली नव्हती, आणि चौतिसाव्या आठवड्यात त्या अभ्यासाचा मला काही लागूपणाही नव्हता. तरी पहाटेपर्यंत मी ओट्याशीच होते. त्या न ओळखीच्या बायकांचं वाटत होतं. त्यांतल्या प्रत्येकीने ही बातमी वाचली असेल, आणि प्रत्येकीने आपल्या दंडाकडे बघितलं असेल. जशी मी त्या एका गोळीकडे बघत होते.

दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच लोकांनी तोच प्रश्न घेऊन अधिक मोठा अभ्यास केला, पुढच्या तीन हंगामांचा. तो संबंध दिसला नाही. आदल्या वर्षी लस घेतलेल्या बायकांतही नाही. ही दुसरी बातमी मला कुणी पाठवली नाही, कुठल्या ग्रुपवर फिरली नाही. मीच शोधत होते म्हणून मला सापडली. मला या सगळ्यात सर्वांत जास्त विश्वास वाटला तो त्या माणसांचा, ज्यांनी नको असलेलं उत्तर आल्यावर ते दडवलं नाही आणि मग ते तपासायला पुन्हा बसले. पहिला अभ्यास छापलाच नसता, तर दुसऱ्यावर मी विश्वास ठेवला नसता.

मुलगी दिवाळी संपता संपता झाली. तिला त्या सहा महिन्यांत फ्लू झाला नाही, मलाही नाही. लशीमुळे झाला नाही असं मी म्हणू शकत नाही. न घेताही झाला नसता, असं असू शकतं. एका घराच्या अनुभवाने काहीच ठरत नाही, पपईनेही ठरत नव्हतं. मावशींची सून जानेवारीत बाळाला घेऊन आली होती, गुटगुटीत मुलगा, काजळाची तीट लावलेला. आम्ही दोघी दोन बाळं मांडीवर घेऊन गॅलरीतल्या उन्हात बसलो होतो.

एप्रिल २०१८च्या शेवटी मुलीला सहा महिने पूर्ण झाले. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं तोवर विरत आलेली असतात. शेजारून उसनी आणलेली वाटीभर साखर संपावी तशी. आता तिला तिची स्वतःची लस, चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा, पावसाळ्याच्या आत. बाळाच्या डॉक्टरांनी कार्डावर लिहिता लिहिता विचारलं, "फ्लूची देऊ या ना? यादीत आहे, पण बरेच आईवडील नको म्हणतात." मी मुलीचं झबलं वर करून मांडीवरची दुपटी बाजूला घेतली आणि विचारलं, "दुसरी कोणत्या तारखेला?"